वर्धेचा गाळ आणि समुद्राखालचा गॅस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मूळचा तिवशाचा. लहानपणी पावसाळ्यात कौंडण्यपूरच्या घाटावर वर्धेचं गढूळ पाणी बघत मी बाबांना विचारलं होतं, ‘‘ही माती जाते कुठं?’’ ‘‘समुद्रात,’’ ते म्हणाले. उत्तर बरोबर होतं. पण त्यापुढची गोष्ट मला फार उशिरा कळली.

आपल्या वावरातून वाहून गेलेली माती वर्धेतून प्राणहितेत आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात, पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ बसू लागतो. हाच त्रिभुज प्रदेश. काही गाळ आणखी पुढे, बंगालच्या उपसागराच्या तळाशी घसरत जातो. लाखो वर्षं तिथे थरावर थर साचत आले आहेत.

या गाळात पालापाचोळा असतो, मेलेले जीव असतात. चिखलात गाडल्यावर त्यांना हवा लागत नाही. मग हवेविना जगणारे सूक्ष्मजीव ते कुजवतात आणि मिथेन तयार होतो. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत हेच घडतं. फार खोलवर उष्णतेनं तयार होणारा गॅस वेगळा. हा वरच्या, कमी तापलेल्या थरांतला. तो साठायला मात्र जागा लागते. जुन्या प्रवाहांतली रेती ही त्याची कोठी आणि वरचा चिकण गाळ हे तिचं झाकण.

गोदावरीच्या मुखापलीकडे, खोल समुद्राच्या तळाखाली असा मोठा साठा २००२ मध्ये सापडला. एप्रिल २००९ मध्ये तिथून गॅस येऊ लागला. रोज ८ कोटी घनमीटरचं लक्ष्य होतं; २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या आसपास पोचलं आणि मग घसरत गेलं. विहिरींत पाणी आणि रेती शिरली. कंपनीनं भूगर्भाच्या रचनेकडे बोट दाखवलं, सरकारनं कमी खोदलेल्या विहिरींकडे. वाद लवादापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये हे पहिलं क्षेत्र बंद झालं. शेजारच्या नव्या क्षेत्रांतून पुढे गॅस मिळू लागला, पण धडा शिल्लक राहिला. हा गाळ भूगर्भाच्या हिशेबानं कोवळा आहे, त्याचा अजून पक्का खडक झालेला नाही. गॅसचा दाब उतरला, की पाणी वर चढतं आणि सुटी रेतीही हलते.

जमिनीवर तर जास्तच जपावं लागतं. इटलीत पो नदीच्या मुखाशी १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून उथळ थरांतलं पाणी उपसून त्यात विरघळलेला गॅस काढत. पाणी गेल्यानं थर दबले आणि काही ठिकाणी जमीन दोन-तीन मीटर खचली. समुद्र आणि नदी बांध फोडून गावांत शिरू लागली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारला हा उपसा थांबवावा लागला.

गोदावरीच्या मुखाशी कोनसीमा आहे. भातशेती, नारळाच्या बागा आणि समुद्रापेक्षा थोडीशीच उंच जमीन. वरची धरणं गाळ अडवतात, त्यामुळे तिथे नवी भर कमी पडते. अशा ठिकाणी जमिनीखालून काही काढायचं, तर आधी जमीन किती खचते ते मोजत राहायला हवं.

गोबरगॅसच्या टाकीत आपण रोज नवं शेण घालतो. समुद्राखालची टाकी भरायला लाखो वर्षं लागली आहेत. तिथला उपसा त्याच हिशेबानं व्हावा, एवढंच मला सांगायचं आहे.