सर्वभूमीय वाहनांची विश्वसनीयता आणि इंजिन अतितापनाचे दोषनिदान

सारांश : सर्वभूमीय वाहन, म्हणजेच प्रचलित भाषेत एटीव्ही, हे रस्ता नसलेल्या भूमीवर चालण्यासाठी बनविलेले वाहन होय. त्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न बहुतांशी इंजिनाच्या तापमानाशी निगडित आहे. अतितापन हा स्वतंत्र दोष नसून उष्णतेचा समतोल ढळल्याचे ते लक्षण आहे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली असून निदानाचा क्रम त्याच भूमिकेतून स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : सर्वभूमीय वाहन, अतितापन, शीतन यंत्रणा, विश्वसनीयता, दोषनिदान.

१. प्रस्तावना

होंडा कंपनीने १९७० मध्ये रुंद, कमी दाबाच्या टायरचे तीनचाकी वाहन बाजारात आणले. १९८२ मध्ये सुझुकीने चारचाकी वाहन सादर केले. पुढे शेती, वनसंरक्षण, लष्कर व पर्यटन अशा विविध क्षेत्रांत या वाहनांचा प्रसार झाला. महाराष्ट्रात कोकणच्या काही किनाऱ्यांवर ती पर्यटकांसाठी वापरली जातात. अभियांत्रिकी महाविद्यालयांचा या विषयाशी संबंध येतो तो ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेमुळे. २००७ पासून सुरू असलेल्या या स्पर्धेसाठी विद्यार्थी स्वतः असे वाहन रचतात व बांधतात. पेट्रोल इंजिनाच्या गटात सर्व संघांना एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागते. त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या सहनशक्ती-शर्यतीत वाहन अखेरपर्यंत टिकते की नाही, हाच कळीचा प्रश्न ठरतो. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात असते. परंतु वाहन बंद पडल्यावर कोणत्या क्रमाने विचार करावा, हे सहसा शिकविले जात नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. उष्णतेचा समतोल

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक चतुर्थांश भागाचेच उपयुक्त कार्य होते. उरलेली ऊर्जा धुरावाटे व सिलिंडरच्या भिंतींवाटे बाहेर पडते. भिंतींतून येणारी उष्णता वाहून नेणे हे शीतन यंत्रणेचे काम होय. जितकी उष्णता निर्माण होते तितकीच बाहेर टाकली गेली, तर तापमान स्थिर राहते. निर्मिती वाढली किंवा निचरा घटला, की तापमान चढू लागते. अतितापनाची सर्व कारणे या दोहोंपैकी एका बाजूला बसतात, आणि निदान करणाऱ्याने प्रथम हीच विभागणी ध्यानात ठेवली पाहिजे.

याचे परिणाम गंभीर असतात. अल्युमिनिअमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने मर्यादेबाहेर तापलेले हेड वाकते, हेड गॅसकेट निकामी होते, वंगणाचा थर पातळ होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. वेळीच थांबल्यास किरकोळ खर्चात निभावणारे काम संपूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते. निर्जन भागात वाहन बंद पडल्यास चालकाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न उभा राहतो.

३. हीच वाहने अधिक का तापतात?

चालकासह ४०० किलोग्रॅम वजनाचे वाहन ताशी १५ किलोमीटर वेगाने चालले आहे, असे मानू. डांबरी रस्त्यावर चाकाला जमिनीकडून होणाऱ्या रोधाचा गुणांक सुमारे ०.०१५ धरला, तर त्यावर मात करण्यास पाव किलोवॉटही शक्ती लागत नाही. मोकळ्या वाळूत हा गुणांक ०.२५ धरला, तर तीच गरज सुमारे ४ किलोवॉट होते. म्हणजे सोळा-सतरा पट. वेग मात्र तितकाच असल्याने रेडिएटरवर येणारा वारा वाढत नाही. भार मोठा आणि वारा क्षीण, ही या वाहनाची मूळ अडचण आहे. मोटारगाडी वेगात असते तेव्हा वाराच तिला थंड करतो. येथे जवळजवळ सर्व भिस्त पंख्यावर असते.

त्यात चिखल, गवताचे बी व धूळ यांची भर पडते. समोर बसविलेल्या रेडिएटरच्या जाळीत ओला चिखल शिरतो व वाळून घट्ट बसतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हेच सिलिंडरवरील शीतन-पट्ट्यांच्या बाबतीत घडते. किनाऱ्यावरील खारी हवा रेडिएटर व विजेच्या जोडण्या गंजविते. उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून तेथे झाकण दाब धरून ठेवणारे असणे अधिकच अगत्याचे असते.

४. शीतन यंत्रणेची विश्वसनीयता

रेडिएटर, झाकण, नळ्या, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि पंखा हे सहा घटक एका साखळीसारखे काम करतात. प्रत्येक घटक ठरावीक काळात न बिघडण्याची शक्यता ०.९८ आहे, असे उदाहरणादाखल मानले, तर सहांच्या गुणाकाराने संपूर्ण यंत्रणेची विश्वसनीयता सुमारे ०.८९ इतकीच उरते. प्रत्येक घटक उत्तम असूनही यंत्रणा का दगा देते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

एखाद्या घटकाची अंशतः घसरणही महत्त्वाची असते. इंजिनाकडून ७ किलोवॉट उष्णता कूलंटमध्ये येत असेल आणि प्रवाह सेकंदाला ०.२ किलोग्रॅम असेल, तर कूलंटचे तापमान इंजिनातून जाताना सुमारे १० अंशांनी वाढते. गाळामुळे प्रवाह निम्मा झाला, की हीच वाढ २० अंशांवर जाते. झाकणाचेही तसेच आहे. ९० किलोपास्कल अतिरिक्त दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे ११८ अंशांवर नेते. झाकणाचे रबर झिजले, की ही सारी सवलत नाहीशी होते.

५. दोषनिदानाचा क्रम

तापमान वाढल्याचे दिसताच भार काढून वाहन सुरक्षित जागी थांबवावे व इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब एकाएकी सुटल्याने आतील द्रव उसळून बाहेर येतो व गंभीर भाजण्याची भीती असते. इंजिन पूर्ण निवल्यानंतर तपासणीस आरंभ करावा.

प्रथम लक्षणाचे स्वरूप पाहावे. उभ्या किंवा संथ वाहनात इंजिन तापते, पण वेग घेताच निवते, तर दोष पंख्यात असण्याचा संभव अधिक. संथ चालीत ठीक, पण भार येताच तापते, तर रेडिएटर आतून वा बाहेरून तुंबलेला असावा किंवा कूलंटचा प्रवाह अपुरा असावा. सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, यंत्रणेत हवा कोंडणे किंवा हेड गॅसकेट फुटणे यांचा विचार करावा.

त्यानंतर स्वस्त व बाहेरच्या घटकाकडून महाग व आतल्या घटकाकडे जावे. कूलंटची पातळी व गळती पाहावी. रेडिएटर मागील बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या दुमडतात. पंखा थेट बॅटरीला जोडून पाहावा. तो फिरला, तर दोष फ्यूज, रिले किंवा तापमानाच्या स्विचमध्ये आहे, असे समजावे. झाकण व नळ्या तपासाव्यात. थर्मोस्टॅट काढून पाण्यात तापवावा व त्यावर नोंदविलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडतो का, हे तापमापीने पाहावे. पंपाखालील लहान छिद्रातून कूलंट ठिबकत असेल, तर आतील सील गेले आहे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गोडसर वासाचा पांढरा धूर येणे किंवा ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅसकेट फुटल्याची चिन्हे होत. या सर्वांत दोष न आढळल्यास निर्मितीच्या बाजूकडे वळावे : हवेच्या तुलनेत पेट्रोल कमी पडणे, ठिणगी उशिरा पडणे, ऑइल कमी असणे किंवा ब्रेक घासत राहणे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात शीतन-पट्ट्यांची स्वच्छता व ऑइलची पातळी यांपासूनच सुरुवात करावी.

६. रूढ पण घातक उपाय

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा गॅरेजमधील सर्रास उपाय आहे. त्याने इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरणे हाही तसाच प्रकार. कठीण पाण्यातील क्षार आत साचून उष्णतेच्या वहनास अडथळा करतात. म्हणून निर्मात्याने सांगितलेले कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यातूनच मिसळावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की सर्वभूमीय वाहनाची विश्वसनीयता महागड्या सुट्या भागांपेक्षा नियमित स्वच्छतेवर आणि शिस्तबद्ध निदानावर अधिक अवलंबून असते. भाग बदलत राहणे म्हणजे निदान नव्हे. लक्षणावरून कारणाकडे आणि कारणावरून उपायाकडे जाणे हे निदान होय. महाविद्यालयीन कार्यशाळेत प्रत्येक चाचणीनंतर वाहन धुणे, कूलंट व ऑइलची पातळी पाहणे आणि तापमानाची लेखी नोंद ठेवणे, एवढा परिपाठ घालून दिला तरी विद्यार्थ्यांच्या वाहनांचे बरेचसे बिघाड टळू शकतील. तर्काची ही शिस्त एका वाहनापुरती मर्यादित नाही. तापलेल्या इंजिनासमोर उभे राहून घाई न करता विचार करण्यास विद्यार्थी शिकला, तर अभियांत्रिकी शिक्षणाचे एक मूलभूत प्रयोजन साध्य झाले, असे म्हणता येईल.