नियमात न लिहिलेली बंदी

जन्मावरून भेद करणारी रूढी म्हटली की एखादा दुष्ट मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः असा कोणी दुष्ट नसतानाही हा अन्याय किती बिनबोभाट चालतो, हे समजण्यास आपल्या बडोद्याचेच उदाहरण पुरे आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार 1917 साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राजा अनुकूल, विद्या मोठी. परंतु शहरात राहावयास जागा मिळेना! अखेर पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत उतरले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या दहाबारा जणांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एक मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने, पत्नी परगावाहून आली की विचारून सांगतो, म्हणून वेळ मारून नेली. मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले.

यात काठीवाले सोडले तर कोणी अपशब्दही उच्चारला नाही. एकाने नोकरांचे कारण सांगितले, दुसऱ्याने पत्नीचे, कचेरीने कागदांचे. प्रत्येकाने बोट दुसऱ्याकडे दाखविले, आणि सर्वांच्या सभ्यपणाची बेरीज मात्र काठीइतकीच झाली. महाराजांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या, पण घरोघरच्या कड्या काही त्यांच्या हाती नव्हत्या.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, 1955 साली ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा झाला. कायदा ‘नाही’ म्हणणाऱ्यास पकडतो. ‘पाहू’ म्हणणारा सहसा सुटतो.

म्हणून आपल्यासारख्या न्यासांनी मनापेक्षा आधी दप्तर तपासावे. वसतिगृहाच्या अर्जावर दोन सभासदांची शिफारस मागणारा नियम कोणत्याही जातीचे नाव घेत नाही. पण सभासद सारे एकमेकांचे सोयरे असले, तर परक्या मुलाने शिफारस आणावी कोठून? (मंगल कार्यालयाच्या ‘ओळखीच्या माणसा’चीही तीच कथा!) तेव्हा शिफारशीचे कलम काढावे, गुण व उत्पन्न पाहून प्रवेश द्यावा, नाकारलेला प्रत्येक अर्ज लेखी कारणासह वार्षिक सभेपुढे ठेवावा. ‘विचाराधीन’ अर्जांस मुदत असावी. पंधरा दिवस पुष्कळ झाले.