महागड्या ऑस्लोतलं सगळ्यांचं ऑस्लो

ऑस्लोत साध्या कॉफीच्या एका कपाला पन्नास क्रोनरच्या आसपास मोजावे लागतात. क्रोनरला आठ-नऊ रुपये धरले, तर चारशेहून अधिक रुपये झाले. नॉर्वेच्या राजधानीत उतरलेल्या आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात हा गुणाकार पहिल्या तासापासून सुरू होतो. बरेच जण मग ऑस्लोला जेमतेम एक रात्र देतात, पैसे फ्योर्डच्या बोटींसाठी राखून ठेवतात आणि ‘महागडं आहे, बघण्यासारखं फार नाही’ असा शेरा मारून पुढे निघतात. हा शेरा अन्यायाचा आहे. ऑस्लोत हॉटेल महाग, टॅक्सी महाग, रेस्टॉरंट आणि बिअर तर फारच महाग. पण जे शहराच्या, म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं आहे, ते फुकट तरी मिळतं किंवा बसच्या तिकिटात. आणि या शहरातलं उत्तम ते बहुतेक याच दुसऱ्या खात्यात आहे.

फ्रोग्नर बागेपासून सुरुवात करावी. तिथे तिकीटखिडकी नाही, बंद होण्याची वेळ नाही. शिल्पकार गुस्ताव विगेलान यांची दोनशेहून अधिक शिल्पं इथे उघड्यावर उभी आहेत, ब्राँझची आणि ग्रॅनाइटची. पुलावर बाप मुलांना उचलून घेतो आहे, बायका नाचताहेत, एक लहानगा मुठी आवळून, पाय आपटून रडतो आहे. पुढे चढावर ‘मोनोलिथ’ नावाचा खांब आहे. एकाच दगडातून कोरलेल्या १२१ माणसांची एकमेकांना धरून वर सरकणारी ती रास घडवायला तीन पाथरवटांना १९२९ पासून जवळपास चौदा वर्षं लागली. राजा नाही, सेनापती नाही, देवदूतही नाही. जन्म, माया, भांडण, म्हातारपण, मरण एवढाच या बागेचा विषय.

ही बाग फुकट का, याची हकिकत बागेइतकीच पाहण्यासारखी आहे. १९२१ साली नगरपालिकेला वाचनालयाची नवी इमारत बांधायची होती आणि त्या जागेवर विगेलान यांचं राहतं घर नि स्टुडिओ होता. बरीच वादावादी झाली आणि शेवटी करार ठरला. शहरानं त्यांना नवा प्रशस्त स्टुडिओ नि घर बांधून द्यायचं, आणि त्या बदल्यात त्यांनी आपली शिल्पं, यापुढे घडवणार तीसुद्धा, शहराच्या नावे करायची. तेव्हा शहर क्रिस्तियानिया म्हणून ओळखलं जाई. ऑस्लो हे जुनं नाव १९२५ मध्ये परत आलं. विगेलान १९४३ मध्ये गेले. एका कलावंताचं उभं आयुष्य नगरपालिकेच्या दप्तरी जमा झालं आणि नगरपालिकेनं ते कुलूपबंद न करता लोकांसाठी मोकळं ठेवलं. सार्वजनिक पैशाचा इतका सुंदर व्यवहार माझ्या माहितीत दुसरा नाही.

नोबेल शांतता पुरस्काराच्या पदकाची रचनाही याच विगेलान यांची. ते पदक जिथे दिलं जातं, त्या सिटी हॉलमध्येही तिकीट नाही. बाहेरून ही इमारत विटांचे दोन चौकोनी मनोरे, इतकीच दिसते, आणि अनेक जण फोटो काढून तिथूनच परततात. आत जावं. १९५० मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूच्या भव्य दालनात भिंती छतापर्यंत रंगवलेल्या आहेत: मच्छीमार, लाकूडतोडे, कामगार, जर्मनांच्या ताब्यातली युद्धाची वर्षं. १९९० पासून दर १० डिसेंबरला शांतता पुरस्कार इथेच दिला जातो. २०१४ मध्ये कैलाश सत्यार्थी आणि मलाला युसुफझाई यांनी तो याच दालनात स्वीकारला. एरवी शाळेची मुलं त्याच फरशीवर दप्तरं टाकून बसलेली असतात.

तिथून पाण्याच्या कडेनं चालत निघालं की आकेर्शहुस किल्ला लागतो. १३०० च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटावर आणि आवारात दिवसा मुक्त प्रवेश आहे. त्याच्या पलीकडे २००८ मध्ये उघडलेलं ऑपेरागृह. स्नोहेटा या वास्तुरचनाकारांनी त्याचं पांढऱ्या संगमरवरी दगडाचं छप्पर उतरतं करत थेट फ्योर्डच्या पाण्याला टेकवलं आहे. आतल्या प्रयोगाचं तिकीट परवडो न परवडो, छपरावर चढायला कुणाला मनाई नाही.

ऑपेरासमोरच डाइकमान हे मुख्य सार्वजनिक वाचनालय आहे. विगेलान यांना ज्या वाचनालयासाठी घर सोडावं लागलं, तेच हे. जुनी इमारत सोडून २०२० मध्ये ते इथे आलं. कार्ड न काढता कुणीही आत जाऊन बसावं. थंडीनं कुडकुडणाऱ्या प्रवाशाला ऊब, वायफाय, पाणी आणि स्वच्छतागृह, सगळं इथे मिळतं. पण एवढ्यासाठीच जाऊ नये. सगळ्यात वरच्या मजल्यावर ‘भविष्यातलं ग्रंथालय’ या प्रकल्पाची छोटी खोली आहे. स्कॉटिश कलावती केटी पॅटरसन यांनी २०१४ मध्ये ऑस्लोजवळच्या नोर्डमार्का जंगलात एक हजार स्प्रूसची रोपं लावून घेतली. दर वर्षी एक लेखक एक हस्तलिखित देतो, पहिलं मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी दिलं, आणि ते कुणीही न वाचता या खोलीत ठेवलं जातं. २११४ मध्ये त्या झाडांच्या कागदावर ही पुस्तकं छापायची आहेत. आपल्यापैकी कुणी वाचू शकणार नाही, अशा पुस्तकांसाठी शहरानं जंगलाचा तुकडा आणि इमारतीचा कोपरा राखून ठेवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पोटाचा प्रश्न. बाटलीबंद पाणी अजिबात विकत घेऊ नये. ऑस्लोच्या नळाला येणारं पाणी प्रामुख्यानं मारीडाल तलावाचं. त्या तलावात पोहायलाही बंदी आहे, इतकी त्याची राखण होते. रिकामी बाटली भरत राहावी. शीतपेयाची बाटली किंवा कॅन घेतलाच, तर त्यावर दोन-तीन क्रोनर अनामत असते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की ती परत मिळते.

दुपारी रेस्टॉरंटात जेवणं हे नॉर्वेजियन माणसाच्याही रोजच्या सवयीतलं नाही. तो ‘मातपाके’ नेतो: पावाचे काप, वर चीज किंवा आणखी काही, मध्ये कागद. आपल्या पोळीभाजीच्या डब्याचाच हा भाऊ, आणि मंत्र्यापासून विद्यार्थ्यापर्यंत तो सगळे खातात. तेव्हा किवी किंवा रेमा १००० या स्वस्त दुकानांतून पाव आणि तपकिरी गोडसर ‘ब्रूनोस्ट’ चीज घ्यावं, बागेत बसून खावं. कुणी वळूनही बघत नाही. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच खरेदी उरकावी. मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल बघावं. मग ग्रोनलान भाग आपलासा होतो. पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांनी गेल्या काही दशकांत या भागाला वेगळं वळण दिलं. कोथिंबीर, भेंडी, मसुराची डाळ, पीठ, मसाले हे सारं इथल्या दुकानांत मध्यवर्ती सुपरमार्केटपेक्षा बरंच स्वस्त पडतं. घरून मेतकूट, भाजणी, चिवडा खुशाल न्यावा, पण तूप आणि पेढे नेऊ नयेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून नॉर्वेत आणायला बंदी आहे.

विमानतळावरून येताना चकचकीत फ्लीटूगे एक्स्प्रेसच्या पाट्या सगळीकडे दिसतात. त्याच रुळांवरून ‘वी’ या रेल्वे कंपनीची साधी गाडी साधारण निम्म्या भाड्यात आणते आणि फरक थोड्या मिनिटांचा. शहरात ‘रूटर’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेचं चोवीस तासांचं तिकीट घेतलं की बस, ट्राम, मेट्रो आणि बेटांवर जाणाऱ्या बोटी, सगळं त्यात आलं. स्टेशनवर अडवणारं फाटक नसतं, म्हणून तिकीट टाळण्याचा मोह मात्र नको. तपासनीस येतात आणि दंड हजार क्रोनरच्या आसपास जातो.

त्या बोटी हा ऑस्लोच्या तिकिटाचा सर्वांत मोठा लाभ. पर्यटकांसाठीच्या फ्योर्ड-सफरी सिटी हॉलसमोरून सुटतात, आणि शेजारच्याच धक्क्यावरून रोजची फेरीबोट काही मिनिटांत होवेदोयाला पोचवते. ११४७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या सिस्टर्शियन साधूंनी या बेटावर मठ उभारला होता. त्याचे दगडी अवशेष आजही गवतात उभे आहेत. लोक भोवती चादरी पसरून उन्हात पडतात, मुलं पाण्यात उड्या मारतात. लाल, पिवळी लाकडी घरं असलेली पुढची बेटंही त्याच तिकिटात.

मेट्रोची एक नंबरची गाडी उलट दिशेनं, डोंगरावर फ्रोग्नरसेटेरेनला जाते. स्टेशनाबाहेर पडलं की लगेच जंगल. शहराभोवतीच्या या रानात बांधकाम होऊ नये म्हणून २००९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याआधीच्या १९५७ च्या कायद्यानं मोकळ्या रानावनात प्रत्येकाला वावरण्याचा हक्क दिला आहे, मग जमीन कुणाचीही असो. वस्तीतल्या घरापासून दीडशे मीटर दूर तंबू ठोकून दोन रात्री राहता येतं, आणि हा हक्क परदेशी पाहुण्यालाही आहे. ऑगस्टमध्ये पायवाटेच्या दोन्ही अंगांना रानटी ब्ल्यूबेरी पिकलेली असते. ती तोडून खायलाही पूर्ण मुभा आहे.

पैसे कशावर खर्चावेत, हेही सांगायला हवं. एका मोठ्या संग्रहालयाचं तिकीट जरूर काढावं. माझा कौल २०२२ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयाला. एडवर्ड मुंक यांनी १८९३ मध्ये रंगवलेली ‘किंकाळी’ तिथे आहे, आणि तिच्या शेजारी त्यांचीच इतर चित्रं असल्यामुळे ती एकटी, पोस्टरसारखी दिसत नाही. दिवसात तीन-चार संग्रहालयं बघण्याचा दम असेल, तरच ‘ऑस्लो पास’ हा संग्रहालयांचा एकत्रित पास फायद्याचा.

जायचं जूनमध्ये. तेव्हा सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो, त्यामुळे एका दिवसाच्या हॉस्टेलभाड्यात जवळपास दोन दिवसांचं फिरणं होतं. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. तरी हिवाळ्यातच जावं लागलं, तर भाड्यानं घसरगाडी घेऊन फ्रोग्नरसेटेरेनहून ‘कोर्केट्रेकेरेन’ या बर्फाळ वाटेनं खाली यावं. दोन किलोमीटरची ही उतरण मिटस्टुएन मेट्रो स्टेशनाजवळ संपते, आणि खिशातल्या त्याच तिकिटावर पुन्हा वर जाता येतं, हवं तितक्या वेळा.