नामांकित विद्यालय आणि कर्जाचे ओझे

कायद्याच्या शिक्षणाची जितकी दालने दिल्ली आणि तिच्या परिसरात उघडी आहेत, तितकी भारतातील फार थोड्या नगरांत असतील. दिल्ली विद्यापीठाची विधी विद्याशाखा १९२४ पासूनची. द्वारका येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठ २००८ मध्ये निघाले, आणि त्यानंतर वर्षभरात शेजारच्या सोनिपत येथे जिंदाल विधी विद्यालय उभे राहिले. या संस्थांच्या शुल्कांत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि त्यांच्या नावांचे वजनही सारखे नाही. म्हणूनच साध्या विद्यालयात पहिले वर्ष चांगल्या रीतीने पार पाडलेल्या विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: कर्ज काढून अधिक नामांकित संस्थेत जावे, की आहे तेथेच अभ्यास पुरा करावा?

या प्रश्नाचा पहिला भाग नियमांचा आहे. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या गुणांच्या बळावर दुसऱ्या विधी विद्यालयात जाण्याची वाट रूढ आहे. भारतात ती वाट अरुंद आहे. पदवीधर असल्याच्या आधारावर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश घेण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी मनाई केली आहे. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते. त्यामुळे बहुतेकांना प्रवेशपरीक्षा पुन्हा देऊन पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. तेव्हा नव्या शुल्काच्या जोडीला गेलेले वर्ष आणि त्या वर्षाचा झालेला खर्च हेही हिशेबात धरले पाहिजेत.

दुसरा भाग कर्जाचा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. परंतु व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. उदाहरणादाखल समजा, एका विद्यार्थ्याने पाच वर्षे दरवर्षी आरंभी २ लाख, म्हणजे एकूण १० लाख रुपये, दहा टक्के सरळव्याजाने घेतले. फेडीचा दिवस उजाडतो तेव्हा त्या रकमेवर ४ लाख रुपये व्याज चढलेले असते. हे १४ लाख त्याच दराने दहा वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारे १८,५०० रुपये होतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेने निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळण्याची सोय केली आहे, आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतील कुटुंबांना व्याजात काही सवलतही ठेवली आहे. तथापि सवलतीने ओझे हलके होते. ते उतरत नाही.

या हप्त्याचा अर्थ कळण्यासाठी दुसरी एक रक्कम त्याच्याशेजारी ठेवून पाहावी. नवशिक्या वकिलांना शहरात दरमहा निदान २०,००० रुपये विद्यावेतन मिळावे, अशी शिफारस विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती शिफारसच आहे, बंधन नव्हे. ती सर्वत्र पाळली गेली असे धरले, तरी वरील हप्ता भागवून हाती दीड हजार रुपये उरतात. दिल्लीत तेवढ्यात खोलीचे भाडेदेखील निघणार नाही. म्हणून कर्ज काढलेला पदवीधर बहुधा मोठ्या विधिसंस्थेची किंवा कंपनीची नोकरी पत्करतो. ज्याला मुळातच तशी नोकरी हवी आहे, त्याला नामांकित विद्यालय खरोखर उपयोगी पडते. कारण अशा संस्था उमेदवार निवडण्यास प्रथम तेथेच जातात. परंतु ज्याला न्यायालयात उभे राहावयाचे आहे, त्याने काढलेले कर्ज त्यालाच न्यायालयापासून दूर नेण्याचा संभव असतो.

न्यायालयाच्या दाराशी तर विद्यालयाचे नाव विचारले जात नाही. सनदेच्या अटी सर्वांना सारख्याच, आणि अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षाही एकच. नोंदणीसाठी कायद्याने ठरविलेल्या शुल्काहून, म्हणजे सर्वसाधारण वर्गासाठी ७५० रुपयांहून, अधिक रक्कम घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. सरन्यायाधीशपदावर बसलेल्या महाराष्ट्रीयांत गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे, उदय लळित हे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे आणि धनंजय चंद्रचूड हे दिल्ली विद्यापीठाचे विद्यार्थी होते. अर्थात त्यांच्या विद्यार्थिदशेत आजची राष्ट्रीय विधी विद्यापीठे नव्हती. तेव्हा या उदाहरणांतून हवे ते अनुमान काढता येणार नाही. अल्प शुल्काच्या विद्यालयातूनही थोर न्यायपंडित घडू शकतात, एवढेच त्यांवरून सिद्ध होते.

कर्ज काढणे हेच अविचाराचे, असेही नव्हे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये डॉ. आंबेडकरांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साह्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ते कर्ज आरंभलेली विद्या पूर्ण करण्यासाठी होते. साध्य आधी निश्चित झाले होते आणि ऋण त्याच्या मागून आले.

हाच क्रम आजच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावा. पुढे कोणते काम करावयाचे आहे, त्या कामाला नव्या विद्यालयाचे नाव कितपत लागते, आणि मनाजोगती नोकरी न मिळाली तर हप्ता कोण भरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आईवडिलांसमवेत बसून कागदावर मांडावीत. तिसऱ्या प्रश्नासमोर वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा किंवा गावच्या जमिनीचा उल्लेख आला, तर निर्णय एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. सबंध घराची संमती त्याला हवी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्पष्ट असतील, तर कर्ज काढूनही जाणे योग्य ठरेल. ती नसतील, तर आहे त्या विद्यालयातील ग्रंथालय आणि जवळची न्यायालये यांचा पुरेपूर उपयोग करणे अधिक श्रेयस्कर. अशील वकिलाकडे येतो तो आपले गाऱ्हाणे घेऊन. भिंतीवरच्या पदवीपत्रापेक्षा त्याला आपल्या कज्जाची काळजी अधिक असते.