बोल्ट किती आवळावा?

यंत्राचे भाग एकत्र धरून ठेवणारा बोल्ट ही दिसायला अगदी सामान्य वस्तू आहे. तो आवळण्यात शिकण्यासारखे काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जितका घट्ट तितका चांगला, असाच सर्वसाधारण समज असतो. हा समज किती महागात पडतो, हे खडबडीत वाटांवर पळवल्या जाणाऱ्या दोन धावांच्या मोटारसायकलीवरून चांगले कळते.

आपल्याकडील जुन्या राजदूत आणि येझदी गाड्यांची एंजिनेही याच जातीची होती. अशा एंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या क्रँककेसमध्ये येते आणि तेथून सिलिंडरात ढकलले जाते. क्रँककेस आणि सिलिंडर यांच्यामधील सांधा किंचित जरी सैल राहिला, तरी बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते, दट्ट्या प्रसरण पावतो आणि सिलिंडरात जखडून बसतो. भर वेगात असे झाले तर मागचे चाक एकाएकी अडते. एका सैल नटाचा परिणाम चालकाच्या जिवापर्यंत जाऊ शकतो.

मग बोल्ट शक्य तितका आवळावा काय? तसेही नाही. बोल्ट ही खरे पाहता एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित लांबतो आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या ओढीमुळेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण व लांबी यांचा हा संबंध रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. मात्र मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट कायमचा लांबतो, नाहीतर तुटतो. शिवाय या गाडीचे क्रँककेस व सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. पोलादी बोल्ट त्यांतील मऊ आटे सहज उपटून काढतो. कारागीर यालाच ‘आटे गेले’ असे म्हणतात.

सहा मिलिमीटर जाडीच्या लहान बोल्टला पुष्कळदा सुमारे १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला चार किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला की एवढा पीळ मिळतो. धडधाकट माणसाचा हात याच्या कितीतरी पट जोर सहज लावतो. हाताचा अंदाज फसतो तो येथेच. म्हणून ठरावीक पीळ दाखवणारा टॉर्क रेंच वापरतात.

परंतु हे साधनही बोल्टमधील ताण प्रत्यक्ष मोजत नाही. लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. ताण निर्माण करण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आटे चिखलाने वा गंजाने माखलेले असले, तर पाना योग्य आकडा दाखवूनही सांधा सैलच राहतो. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला पीळ तेल लावलेल्या आट्यांना दिला, तर बोल्ट अतिरिक्त ताणला जातो. म्हणून आटे आधी स्वच्छ करावेत आणि ते कोरडे ठेवायचे की तेलकट, हे गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावे.

प्रत्येक बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवावा, म्हणजे तो तिरका शिरत असल्यास लगेच कळते. पत्र्याच्या डब्याचे झाकण एकाच बाजूने दाबले तर दुसरी बाजू उचलली जाते. सिलिंडरच्या माथ्याचेही तसेच आहे. त्याचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आणि एंजिन थंड असताना आवळावेत.

योग्य आवळलेला बोल्टही सैल होऊ शकतो. सांध्याचे भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, तर नट आपोआप उलटा फिरू लागतो, हे जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिले. धक्के खात धावणाऱ्या गाडीत असे सरकणे टाळायचे, तर मुळातला ताण पुरेसा हवा. जेथे माहितीपुस्तक सांगते, तेथे आटे जखडणारा द्रवही लावावा. लांबच्या फेरीनंतर नट पुन्हा तपासणे हितावह असते.

सैल आणि अतिघट्ट यांच्यामधील जागा अरुंद आहे. ती बळाने सापडत नाही. त्यासाठी स्वच्छता, क्रम आणि मोजमाप यांची सवय लागते.