बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची आदली रात्र. बेसनाचे लाडू वळून परातीत मांडले होते, वर पांढरे फडके झाकले होते आणि घरातली मंडळी ‘उद्या किती वाजता उठायचे’ या प्रश्नावर नेहमीप्रमाणे एकमत न होताच झोपली होती. मध्यरात्री पाणी प्यायला उठलो, दिवा लावला, तो फडके हलताना दिसले. वारा तर नव्हता. फडक्याचे एक टोक वर उचलले गेले आणि त्याखालून दोन काळेभोर मणी माझ्याकडे पाहू लागले. आम्हा दोघांत घाबरलेला मीच होतो, हे कबूल केले पाहिजे. ते गृहस्थ सावकाश परातीच्या काठावर आले, त्यांनी मिशा पुसल्या आणि खांबावरून चढून ते माळवदात दिसेनासे झाले.

सकाळी मोजदाद झाली. बेचाळीसपैकी सात लाडू कुरतडलेले निघाले. सौभाग्यवतींनी सगळीच परात उकिरड्यावर रिती केली आणि मला विचारले, “अहो, कॉलेजात शंभर-शंभर पोरं आवरता म्हणे. घरातला एक उंदीर आवरत नाही का तुम्हांला?”

मराठीच्या प्राध्यापकाचे उंदरांविषयीचे ज्ञान म्हणींपुरते असते. उंदराला मांजर साक्ष असते आणि डोंगर पोखरून शेवटी उंदीरच निघतो, इतके मला ठाऊक होते. पण उंदीर घराबाहेर कसा काढावा, याची म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती विद्या मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. वाचकांच्या घरीही दिवाळीची आवराआवर चालू असेल, म्हणून ती येथे सांगतो.

घर आणि घरातले

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परतूर हे आमचे तालुक्याचे गाव. १९८१ साली जालना जिल्हा झाला; त्यापूर्वी आम्ही परभणीचे. आमचे घर जुन्या पद्धतीचे, माळवदाचे. ब्लॉकमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो, माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा फांद्या व पाला आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. राहायला यासारखे सुख नाही, आणि उंदरांचेही मत हेच आहे. ब्लॉकवाल्यांनी मात्र हसू नये. नळाभोवतीची फट, सिंकखालचे भोक आणि दाराखालची पोकळी एवढ्यावर तेथेही त्यांचा संसार उत्तम चालतो.

प्रथम आपला पाहुणा कोण ते ओळखावे. भिंतीच्या कडेने चीं चीं करीत धावणारी, लांब नाकाची चिचुंद्री ही उंदीर नव्हेच. ती किडे खाते आणि घाणेरडा वास सोडते, इतकाच तिचा अपराध. परसात मातीचे ढीग उपसते ती घूस. घरात खरा मुक्काम असतो तो मोठ्या उंदराचा किंवा लहान घरउंदराचा. लेंडी पाहावी. तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार असेल तर लहान; अर्धा इंच किंवा अधिक असेल तर मोठा. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोघांचे स्वभाव वेगळे. मोठा उंदीर संशयी. नवी वस्तू दिसली की दोन-चार दिवस तो तिच्या वाटेला जात नाही. लहान मात्र चौकस; जे नवे दिसेल ते हुंगून पाहणार. आमचे बिऱ्हाडकरू लहान जातीचे निघाले.

लाल शेपटीचा

मी बाजारातून एक पिंजरा आणला. रात्री त्यात तळलेल्या भज्याचा तुकडा लावला. सकाळी भजे नाही, उंदीरही नाही, दार मात्र बंद! पिंजरा मोठ्या उंदरासाठी केलेला होता. त्याच्या गजांमधून आमचे पाहुणे भजे खाऊन बाहेर आले होते. शिसपेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर सहज जातो, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले.

मग बारीक जाळीचा पिंजरा आणला. दुसऱ्याच रात्री एक सापडला. आता त्याचे काय करावे? आईचा हुकूम सुटला, “मारू नको रे. गणपतीचं वाहन ते. दूर नेऊन सोडून दे.” थंडीच्या दिवसांत ‘दूर’ या शब्दाचा अर्थ मी गल्लीच्या टोकापर्यंत असा घेतला. सोडण्यापूर्वी चिरंजीवांनी बहिणीच्या नखांना लावायचा लाल रंग त्याच्या शेपटीला फासला. तिसऱ्या दिवशी कोनाड्यातून एक लाल शेपटी लगबगीने माळवदाकडे गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला अधिक जड जाते.

अकरावा गोळा

भाऊबीज उलटली आणि मी विषाकडे वळलो. आईने नको म्हटले होते. मी ऐकले नाही. काळसर भुकटी, लसणासारखा वास. झिंक फॉस्फाईड तिचे नाव. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. हे सारे मी पुढे वाचले. त्या संध्याकाळी फक्त कणीक मळली, त्यात ती कालवली, अकरा गोळे केले आणि माळवदाखालच्या फळीवर, देवळीत, फडताळामागे ठेवले.

रात्री जेवायच्या वेळी पाच वर्षांची आमची धाकटी कन्या देवळीपाशी उभी. तिच्या हातात एक गोळा. “बाबा, हा लाडू काळा का?” सौभाग्यवतींनी झडप घालून तिचा हात झटकला. मी सगळे गोळे गोळा केले. मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच.

“तू खाल्लास का ग?” मुलीने नाही म्हटले. पण पाच वर्षांच्या मुलीला चार मोठी माणसे एकदम ओरडून विचारू लागली की तिच्या ‘नाही’चा अर्थ कोणी लावायचा? तिला उचलले आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. मी खाटेच्या पायथ्याशी बसून तिच्या श्वासांकडे पाहत होतो. आई उशाशी होती. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. सकाळी मुलगी उठली, तिने भूक लागली म्हणून सांगितले आणि आम्ही घरी आलो. तरी मनातला काटा निघेना. तो अकरावा गोळा कुठे गेला?

तिसऱ्या दिवशी माजघराच्या माळवदातून घाण वास सुटला. पाहुणे नाकाला रुमाल लावून उठून गेले. वाचकहो, आयुष्यात कोणत्याही सुगंधाने मला इतका आनंद दिला नाही. अकरावा गोळा सापडला होता!

म्हणून लहान मुले व पाळीव जनावरे असलेल्या घरात विषाचे गोळे करू नका. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मिळतात. त्यांच्यामुळे रक्त गोठत नाही, आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. त्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण मेलेला उंदीर कोठे पडेल हे तुमच्या हाती नसते. चिकट फळीवर उंदीर तासन्तास तडफडतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही तिच्या वापराविरुद्ध राज्यांना लिहिले आहे.

मारून ते किती मारावेत?

आपल्याकडे उंदीर मारण्याचे उद्योग मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांचा अंत झाला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले की रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो. तेव्हापासून उंदीर हा सरकारी शत्रू झाला. मुंबई महापालिकेने काठी आणि विजेरी घेऊन रात्री फिरणारे मूषक संहारक नेमले आणि एका रात्रीत तीस उंदरांचा दंडक घालून दिला. मंत्रालयातील हिशेब तर याहून थोर. २०१८ च्या मार्चमध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितले, की कागदोपत्री तेथे सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले गेले. पुढे खुलासा झाला, की तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा. अकरा गोळ्यांचा हिशेब न लागलेला मी त्यावर काय बोलणार?

पण उंदरांचे गणित या साऱ्यांहून वेगवान आहे. घरउंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत संसाराला लागतात. खायला आहे आणि लपायला जागा आहे तोवर तुम्ही माराल त्यांची जागा भरून निघते.

याची भयंकर साक्ष आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याने दिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्या भीतीने मामला गावच्या लोकांनी जुनी घरे सोडली, धान्य मात्र त्याच घरांत साठवले. तेथे उंदीर माजले असे अभ्यासकांनी पुढे मांडले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तेथे पिसवा झाल्या, उंदीर पडू लागले आणि प्लेगचे संशयित रोगी आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत हाहाकार उडाला. मी तेव्हा शाळेत होतो. माळवदातून माती पडली तरी आई दचकून वर पाही, हे मला आठवते.

हिरण्यकाचा खजिना

दवाखान्यातून आल्यानंतरच्या एका रात्री मुलीने उंदराचीच गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. मी पंचतंत्रातल्या हिरण्यकाची सांगितली. एक संन्यासी भिक्षेचे पात्र खुंटीला उंच टांगून ठेवी, तरी हिरण्यक नावाचा उंदीर उडी मारून त्यातले अन्न खाई. संन्याशाकडे आलेला पाहुणा शहाणा होता. तो म्हणाला, एवढी उडी नुसत्या पायांची नव्हे. याच्या बिळाखाली धन असले पाहिजे. त्यांनी बीळ खणले, खजिना काढून नेला आणि त्या दिवसापासून हिरण्यकाची उडी संपली.

आई अंथरुणावर जागीच होती. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या घरचे माझ्या बळदावर उड्या मारतात, असंच ना?”

मी गप्प राहिलो. बळद म्हणजे भिंतींमध्ये बांधलेली धान्याची कोठी. वरून भरायची, खालच्या तोंडातून काढायची. घरात माणसे पाच, आणि आमच्या बळदात तीन वर्षांची ज्वारी. दर वर्षी नवी वरून पडे, तळची तशीच राही. हे सारे मला ठाऊक होते, पण त्या बळदाविषयी आईशी बोलायची कोणाची छाती नव्हती.

सकाळी तिनेच विषय काढला. “बहात्तर साली मी या घरात आले. दुष्काळ. तुझे आजोबा रोज उठून बळदात वाकून बघायचे, जसं काही रात्रीतून भरलं असंल. मी अन् तुझे बाबा खडी फोडायला जायचो. त्या तांबड्या मिलोची भाकर थापायला गेलं की हातात तुटायची. तवाच मनात घेतलं, हे बळद पुन्हा रिकामं दिसू द्यायचं नाही.”

पन्नास वर्षे ती बळद भरत होती. मी तिच्या त्या ज्वारीला अडगळ म्हणत आलो होतो.

तोड निघाली ती मोंढ्यातल्या एका जुन्या हमालाच्या बोलण्यातून. तो म्हणाला, “धान्य पत्र्यात घाला, फळीवर ठेवा अन् भिंतीपासून हातभर सोडा. उंदराला आडोसा नाही तर तो येतो कशाला?” जालन्याहून घट्ट झाकणाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या आणल्या, प्रत्येकी तीन क्विंटलांच्या. बळद उपसले. तळची ज्वारी पोकळ झाली होती, ती खतात गेली. वरची चांगली निवडून, वाळवून कोठ्यांत भरली. बळदाच्या तळाशी पाच घरटी निघाली. गादीतला कापूस होता आणि ‘अर्वाचीन गद्य’ या विषयावरची माझी टिपणे होती. त्यांचा इतका मन लावून उपयोग आजवर एकाही विद्यार्थ्याने केलेला नाही.

त्यानंतरचे काम सोपे होते. एकच सापळा महिनाभर लावण्यापेक्षा आठ सापळे एका रात्री लावावेत; भिंतीला लागून, कारण उंदीर कडेनेच चालतो. आम्ही चापाचे लावले. आईने मान्यता दिली, “विषापेक्षा बरं, तडफडत तरी नाही.” त्याच आठवड्यात भोके बुजवली. भांडी घासायच्या तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट लावले, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक पाणी शिंपडून ओल्या पुसून काढाव्यात. शेवटी रात्री भिंतीच्या कडेने रांगोळीची भुकटी पसरावी. सकाळी पावले उमटली नाहीत की समजावे, बिऱ्हाड हलले.

आमची रांगोळी सलग तीन आठवडे कोरी राहिली. लाल शेपटीचा मात्र सापळ्यात सापडला नाही. तो आपणहून गेला, असे मुलांचे ठाम मत आहे.

आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की दोन्ही कोठ्यांवर बोटांनी टकटक करते आणि आवाजावरून ज्वारी कुठवर आहे ते सांगते. यंदा गणपतीत तिने मूर्तीच्या पायाशी बसलेल्या मूषकासमोर एक मोदक ठेवला आणि नातीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला बजावले, “इथं बसून पोटभर खा बाबा. आत येऊ नको.”