मिलोला मारलेली पहिली हाक

ऑस्ट्रेलियात येऊन आम्हाला आता आठ वर्षं झाली. मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिना नावाचं उपनगर आहे, तिथे आमचं घर. २०२१च्या जनगणनेत इथली वस्ती ३६ हजारांच्या आसपास होती आणि त्यात आपली भारतीय मंडळी भरपूर. शेजारच्या टार्नेटमध्ये मेथी, शेपू, कढीपत्ता सगळं मिळतं. वारा मात्र इतका भन्नाट, की वाळत घातलेला टॉवेल थेट तिसऱ्या घराच्या अंगणात सापडतो. अशा ठिकाणी, बऱ्यापैकी सुखात राहत असताना, आमच्या मुलाचं बोलणं अडलं.

घरात त्याला आम्ही बाळ्या म्हणतो. बाळ्या दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम चार शब्द होते आणि त्यातले दोन आम्हालाच कळायचे. हवं ते हात धरून दाखवायचा, नाही मिळालं तर जमिनीवर आडवा. दर रविवारी नाशिकला व्हिडिओ कॉल व्हायचा. आई म्हणायची, "आजी म्हण रे, आजी!" तो स्क्रीनकडे बघायचा आणि उठून निघून जायचा. फोन ठेवल्यावर आईचा पुन्हा फोन. "मुलगे उशिराच बोलतात, तू पण अडीच वर्षांचा होईपर्यंत मुका होतास. वेखंड उगाळून मधात चाटव." हे ऐकून बायको माझ्याकडे बघायची, आणि मी लॅपटॉपकडे.

खरं सांगायचं तर चूक माझीच. व्हिक्टोरियात प्रत्येक बाळासाठी माता-बाल आरोग्य सेवा असते, तीही मोफत. जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत ठरलेल्या दहा भेटी, आणि एक हिरवं पुस्तक, ज्यात नर्स सगळं लिहिते. अठराव्या महिन्याच्या भेटीतच नर्सने विचारलं होतं, "किती शब्द बोलतो?" मी तोऱ्यात म्हणालो, "समजतं त्याला सगळं." दोन वर्षांच्या भेटीत तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी उत्तर बायकोने दिलं. साधारण दोन वर्षांचं मूल पन्नासेक शब्द बोलतं आणि दोन शब्द जोडू लागतं, असा ढोबळ हिशोब असतो. आणि हो, घरातल्या सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे. आमचे सगळे मिळून चार.

नर्सने पहिली गोष्ट सांगितली ती कानांची तपासणी. जन्मल्यावर झालेली तपासणी ठीक असली तरी नंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. मूल मग पाण्याखाली असल्यासारखं ऐकतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बाळ्याचे कान चांगले निघाले. दुसरी गोष्ट, स्पीच पॅथॉलॉजिस्टकडे जा. आपल्याकडे पॅथॉलॉजी म्हटलं की रक्त-लघवी आठवते, त्यामुळे मी आधी "कोणत्या टेस्ट?" असंच विचारलं. इथे वाचा-उपचार करणाऱ्यांना तसं म्हणतात, एवढंच.

सरकारी यादीत नंबर लागायला वेळ होता. एनडीआयएस ही अपंगत्व विमा योजना २०१३ साली सुरू झाली. सहा वर्षांखालच्या मुलाच्या वाढीत लक्षणीय उशीर दिसत असेल, तर आजाराच्या नावाचा कागद नसतानाही तिच्यातून मदत मागता येते. अर्ज केला आणि तोवर खिशातून पैसे भरले. या योजनेत तेव्हा वाचा-उपचाराच्या तासाला १९३ डॉलर ९९ सेंट अशी कमाल मर्यादा होती, आणि खाजगीतले दरही त्याच्याच आगेमागे. पहिल्या सत्रात तर बाळ्या टेबलाखाली जाऊन बसला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. मी मनात मिनिटामागे डॉलर मोजत होतो. इंजिनिअरचं डोकं, दुसरं काय करणार!

मग एका ओळखीच्या पंजाबी कुटुंबाने दुसरी एक बाई सुचवली. तिच्या खोलीत टेबल-खुर्ची जवळजवळ नव्हतीच. एक झोका, मोठा चेंडू, उशांचा डोंगर, आणि कोपऱ्यात गादीवर पसरलेला मिलो. मिलो म्हणजे लॅब्रॅडोर, पिवळसर, सहा वर्षांचा, अत्यंत आळशी. मी दारातच थबकलो. आमच्या घरात कुत्रा उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. आजोबांच्या सोवळ्यात तर सावलीही चालायची नाही. बाळ्या मात्र सरळ जाऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

या बाईने पहिली पंधरा मिनिटं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. 'हे काय? म्हण बरं? बोल ना!' हा आपला कार्यक्रम तिथे बंद. झोका मागे ओढायची आणि धरून ठेवायची, बाळ्याच्या डोळ्यांत बघायची. 'रेडी... सेट...' आणि गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. तो नुसता हुंकारला तरी झोका सुटायचा. मला हे पोरखेळ वाटलं, पण घरी येताना बायको म्हणाली, "आपण त्याला कधी वाट बघू दिली का? त्याने बोट दाखवायच्या आत आपण वस्तू हातात देतो." खरंच होतं ते.

हालचालीचा आणि बोलण्याचा काय संबंध, हे मी तिला पुढच्या वेळी विचारलं. तिने साधं उत्तर दिलं. काही मुलं बसवून ठेवली की बंद पडतात, अंग हललं की जागी होतात. झोका, उडी, पळणं यात एक ताल असतो, पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असतं, आणि ते हवंहवंसं असतं. बोलण्यासाठी कारण लागतं, ते तिथे मिळतं. 'अजून', 'थांब', 'वर', 'चल' हे शब्द चित्रात दाखवण्यापेक्षा अंगाने कळतात. पण तिने लगेच बजावलंही, की उड्या मारून जीभ सुटत नाही. उडी हे निमित्त, काम शब्दाचंच करायचं. शिट्ट्या फुंकणं, जिभेचे व्यायाम, फुगे फुगवणं याने बोलणं सुधारतं याला फारसा आधार नाही, असंही म्हणाली. मी ऑनलाइन मागवलेला शिट्ट्यांचा सेट तेव्हा पोस्टात होता.

मला ऐकताना सारखी आजी आठवत होती. आपल्याकडे बाळाला पायांवर बसवून घोडा घोडा करतात, हात धरून झुलवतात, काऊ-चिऊचा घास भरवतात. आणि आपली बाळबोली तर बघा: भूभू, माऊ, हम्मा, भुर्र. निम्मे शब्द प्राण्यांचे, उरलेले हालचालीचे. स्पीच पॅथॉलॉजिस्ट सांगतात, की असे आवाजांचे शब्द मुलांना लवकर जमतात, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. आम्ही दोघं ऑफिसच्या गडबडीत बाळ्याला 'डॉगी', 'कॅट' शिकवायला बघत होतो, तेही टॅबवर.

इथे भाषेचा विषय निघतोच. बाळ्याच्या डे-केअरमध्ये एकीने सांगितलं होतं, "घरी फक्त इंग्रजी बोला, गोंधळतोय तो." आम्ही घाबरून महिनाभर तसं केलंही. बायको आणि मी एकमेकांशी मराठी, मुलाशी इंग्रजी. घरात एक विचित्र शांतता आली होती. मिलोच्या बाईला हे सांगितलं तर ती चक्क रागावली. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. ज्यांना आधीच अडचण आहे अशा मुलांतही, ऑटिझम असलेल्या मुलांतही, दोन भाषांनी नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तिची स्वतःची आजी ग्रीक. म्हणाली, "ज्या भाषेत तुम्हाला खेळता येतं, रागावता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत बोला. घरी कुत्र्याला 'कम' कसं म्हणता?" मी म्हटलं, "ये." तिने वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून मिलो 'ये', 'बस' आणि 'चल' शिकू लागला. खाऊ मिळत असेल तर कुत्र्याला भाषेचं काही नसतं.

जाता जाता, ट्रुगानिना हे नाव टास्मानियातल्या ट्रुगानिनी या आदिवासी स्त्रीवरून आलं आहे. ती १८७६ साली वारली. तिच्या लोकांच्या भाषांचा आवाज आज ऐकायचा तर फॅनी कॉक्रेन स्मिथ या बाईने १८९९ आणि १९०३ साली मेणाच्या सिलिंडरवर गायलेली गाणी, एवढंच ध्वनिमुद्रण आहे. रोज पत्त्यात लिहितो ते नाव कुणाचं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

प्राण्यांच्या मदतीने उपचार हे फॅड आहे का, हे मी माझ्या सवयीप्रमाणे खणून काढलं. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधीच आला, आणि त्यांचा कुत्रा जिंगल्स त्याच्याकडे धावला. मुलगा घाबरला नाही, खेळू लागला. लेव्हिन्सननी १९६२ साली कुत्रा हा सह-उपचारक असल्याचं लिहिलं, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. घोड्यांची गोष्ट वेगळी. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली गेले होते, घोड्यावर चढवा-उतरवायला माणूस लागे, आणि तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर घोडेस्वारीतून उपचार हा विचार युरोपात जोर धरू लागला. घोडा चालतो तेव्हा स्वाराच्या कमरेला जवळपास माणसाच्या चालीसारखी हालचाल मिळते, त्यामुळे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीचवालेही त्याचा उपयोग करतात.

पुरावा? थोडा आहे. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या ६ ते १६ वयाच्या १२७ मुलांचे दोन गट केले. एक गट दहा आठवडे घोडेस्वारी शिकला, दुसरा गट तबेल्यातलीच माहिती शिकला, पण खऱ्या घोड्याशिवाय. स्वारीच्या गटात चिडचिड कमी झाली आणि बोललेले शब्दही वाढले. पण अशा नीट केलेल्या चाचण्या मोजक्याच, आणि एका अभ्यासावरून आपल्या पोराचं भाकीत करता येत नाही. डॉल्फिनबरोबर पोहण्याचे महागडे पॅकेज विकतात, त्याला तर भरवशाचा आधारच नाही. माझं मत असं, की कुत्रा कुणाला बरं करत नाही. तो मुलाला खोलीत थांबवतो, बाकीचं त्या बाईचं शिक्षण करतं. म्हणून नुसता गोड कुत्रा बघून पैसे भरू नका. स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का बघा. कुत्र्याचं प्रशिक्षण, लसी, त्याला मध्ये विश्रांती मिळते का, हेही विचारा. मिलो दिवसात तीनच मुलं बघतो. आमच्या मॅनेजरने हे शिकायला हवं.

भारतात हे नाही असं समजू नका. मीनल कविश्वर यांच्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनने मुंबई-पुण्याकडे प्रशिक्षित कुत्र्यांसह मुलांबरोबर काम केलं आहे. आणि वाचा-श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. ज्यांची नातवंडं तिकडे आहेत त्यांनी 'उशिरा बोलेल' म्हणत वर्ष घालवू नये. तसं मी घालवलं, म्हणून सांगतो.

आता मिलोचं. अकरावं सत्र होतं, जुलैमधली गारठलेली सकाळ. मिलो खोलीच्या त्या टोकाला आणि उठायला तयार नाही. बाळ्याच्या हातात गाजराचा तुकडा, त्याचा खाऊ. बाई गप्प, बायको गप्प, मी तर श्वास धरून. बाळ्याने एकदा हात हलवला. मिलो ढिम्म. मग एकदम, स्पष्ट, जरा हुकमी आवाजात: "ये!" मिलो उठला आणि आला. बाळ्याला इतकं आश्चर्य वाटलं, की गाजर त्याने स्वतःच खाल्लं. नंतर त्या दिवशी तो मला म्हणाला, बायकोला म्हणाला, फ्रिजला म्हणाला. फ्रिज काही आला नाही.

हे काही सिनेमासारखं झालं नाही. पुढचे दोन महिने नवे शब्द बोटावर मोजण्याइतके आले. मग 'मिलो ये', 'पाणी दे', मग अचानक 'नको' आणि दिवसभर 'नको'. आज बाळ्या साडेतीनचा आहे, छोटी वाक्यं बोलतो, 'र' आणि 'ळ' अजून गायब आहेत. स्वतःला तो 'बाया' म्हणतो. सत्रं चालू आहेत. योजनेचे नियम मात्र बदलत आहेत. सौम्य आणि मध्यम अडचणी असलेल्या लहान मुलांसाठी 'थ्रायव्हिंग किड्स' नावाची वेगळी व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाली. ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांनी जुन्या माहितीवर विसंबू नये, नर्सला किंवा डॉक्टरला विचारत राहावं.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. बाळ्या स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "आजी, ये." आई काही बोलेचना. मग बाबांनी फोन घेतला आणि सांगितलं, व्हिसाचे कागद भरायला बसलोय, जन्मतारखेच्या रकान्यात अडलोय. मागून आईचा आवाज आला, "त्या कुत्र्याला पोळी चालते का रे? विचारून ठेव."